राजानं न दिलेलं ब्रीद

या मंडळी, बसा. पुढे सरका थोडे. तुम्ही टेकला नाहीत म्हणून देवळाची भिंत काही पडत नाही! देवाचं नाव घेऊन झालं, गुरूंना नमस्कार झाला, पेटीचा सूर लागला — लागला ना हो, पेटीवाले? — तर आता तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुधा पाठ केलेलं असतं.

प्रश्न असा, की माणसाच्या नावापुढे जी पदवी लागते, ती त्याची होते कधी? कुणी दिली तेव्हा? ताम्रपटावर कोरली तेव्हा? चार लोकांनी टाळ्या पिटल्या तेव्हा? का आणखी कधी?

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्हा गरिबांना कसल्या पदव्या? अहो, गावात शिरताना तुमच्या वेशीवरचा फ्लेक्स पाहिला मी! कुणाचा तरी वाढदिवस. 'कार्यसम्राट, दानशूर, गोरगरिबांचे कैवारी, अडल्यानडल्यांचे आधारवड...' वाचतोय, वाचतोय, आणि नावापर्यंत पोचायच्या आत गाडी पुढे निघून आली! पदव्या सगळ्या कळल्या, माणूस कोण ते कळलंच नाही. हसू नका. ते इथंच बसले असतील. आणि नसतील, तर त्यांना निरोप द्या, की त्यांच्या फ्लेक्सवरची एक पदवी आज बुवांच्या आख्यानात आली होती.

तर ऐका.

गोष्ट जुनी. आठ-नऊशे वर्षांपूर्वीची म्हणा. राज्य कोणतं, राजधानी कोणती, विचारू नका. सांगितलं की तुमच्यातले शिकलेले नकाशा उघडतात आणि कथा राहते बाजूला. एवढंच धरा, की वर एक चक्रवर्ती होता आणि त्याच्या खाली सामंत होते. सामंत म्हणजे काय? तर चक्रवर्ती काही प्रत्येक घाटात जाऊन बसू शकत नाही. मग तो म्हणतो, हा घाट तू सांभाळ, हा मुलूख तू खा, आणि मी हाक मारली की घोडी-माणसं घेऊन ये. झाला सामंत! चांगला लढला, की महासामंत. आणखी लढला, की मंडलेश्वर. मग महामंडलेश्वर. मुलूख देता देता संपतो, मंडळी, पदवी संपत नाही. म्हणून तर राजे लोकांचा हात पदव्या देताना फार सढळ असायचा.

सह्याद्रीच्या माथ्यावर कोळवंड नावाचा गड होता. तिथला सामंत मावुगीदेव. आपल्या कथेचा धनी हाच. याचा आजा होता साधा गावुंड. गावुंड म्हणजे आपला गावचा पाटील. घाट चढणाऱ्या बैलांच्या तांड्यांना वाट दाखवायची, चोर आले की काठी घेऊन धावायचं, आणि घरी येऊन भाकरी खायची. बाप त्याच्यापुढे गेला. तो सामंत झाला. डोक्यावर पागोटं आलं, कमरेला तलवार आली. आणि तलवार आली की शेजारी आलाच! तो म्हणजे पलीकडच्या गडावरचा धाडदेव.

कुरणावरून दोघांची जुंपली. मावुगीचा बाप हरला. लढाईत कुणीतरी हरतंच, त्यात काही नाही. जीव वाचला, गड वाचला. पण धाडदेव तेवढ्यावर थांबला नाही. त्या काळची रीत ऐका. वीर पुरुष डाव्या पायात तोडर घालायचा. सोन्याचं कडं, त्याला घुंगरं, आणि ज्याला जिंकलं त्याची इवलीशी पुतळी त्या कड्यात अडकवलेली. म्हणजे जिंकलेला चालणार, आणि हरलेला त्याच्या पायाशी लोंबणार! धाडदेवानं सोनार बसवला आणि मावुगीच्या बापाची पुतळी घडवून घेतली. लोकांना ओळखू यावी म्हणून बापाचं बाकदार नाक तेवढं हुबेहूब काढायला लावलं. म्हणजे बघा, माणूस किती बारकाईनं दुष्टपणा करतो! हीच बारकाई नामस्मरणात असती तर आज त्याचंच देऊळ असतं.

मग काय? जत्रा असो, लग्न असो, धाडदेव पंगतीतून मुद्दाम चालत जायचा. छुम, छुम, छुम. मावुगीचा बाप तो आवाज आला की ताकाची वाटी खाली ठेवायचा आणि पानावरून उठायचा. मावुगीनं हे पाहिलं. एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं. बाप गेला, पण तो आवाज काही गेला नाही. आणि मावुगीनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. त्याला धाडदेवाचा जीव नको होता. त्याला एवढा मोठा आवाज मिळवायचा होता, की त्याच्याखाली ते घुंगरू बुडून जावं.

तुम्ही विचाराल, असा आवाज कुठे मिळतो? त्या काळी मिळायचा! चक्रवर्तीची सगळ्यात मोठी मर्जी झाली की तो सामंताला पंचमहाशब्द द्यायचा. पाच वाद्यं. शिंग, शंख, भेरी, जयघंटा आणि तम्मट. तम्मट म्हणजे आपल्या हलगीच्या घराण्यातलं. पैसे आहेत म्हणून कुणीही उठावं आणि दारात पाच वाद्यं लावावी, असं नव्हतं. आता लग्नात बघा, कुणीही उठतो आणि डीजे लावतो! तेव्हा राजानं दिली तरच. ज्याच्या दारात पाच वाजतात तो महामंडलेश्वर, हे आंधळ्यालाही कळायचं.

मावुगीनं ते कमावलं हो. खुशामत करून नाही, चहाड्या सांगून नाही. एका मोहिमेत चक्रवर्तीची सगळी रसद घाटात अडकली. वर शत्रू, खाली दरी, बैल पुढे सरकेनात. मावुगीला आजाची जुनी बैलवाट ठाऊक होती. त्यानं तांडा त्या वाटेनं उतरवून दिला, आणि स्वतः मूठभर माणसं घेऊन खिंड धरून बसला. खांद्यात बाण शिरला तरी हलला नाही. सैन्याला भाकरी मिळाली ती याच्या रक्तावर. असा माणूस! मला विचाराल, तर मला हा मावुगी फार आवडतो. पुढे त्याच्या हातून काय होतं ते ऐकण्याआधीच सांगून ठेवतो, की मला आवडतो.

चक्रवर्ती स्वतः त्याच्या राहुटीत आला. तिथून पदव्या सुरू झाल्या त्या थांबेनात. महासामंत झाला. 'घाटशिरोमणी' झाला. 'शत्रुगजकेसरी' झाला. शेवटी एका दसऱ्याला महामंडलेश्वर झाला आणि पाच वाद्यं गडावर आली. पहिल्यांदा ती एकदम वाजली, तेव्हा मावुगी सदरेवर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्याची बायको लाछलदेवी जवळ होती. तिनं पदर पुढे केला नाही. तिनं सासऱ्याला पानावरून उठताना पाहिलं होतं. हे पाणी कुठलं ते तिला बरोबर कळत होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला कोळवंडवर तीच रीत. आधी पाच वाद्यं. ती थांबली, की आल्हण भाट पुढे यायचा आणि धन्याची बिरुदं म्हणायचा. बिरुद, ब्रीद, एकच. आल्हण भाटाचा गळा असा की खालच्या वाडीतल्या म्हशी कान टवकारायच्या. (मृदंगाचार्य, तुमच्याकडे बघून बोलत नाही मी. म्हशींचं चाललंय.) पायथ्याची माणसं दिवे लावता लावता ऐकायची. पुष्कळांना बिरुदावली तोंडपाठ होती.

आणि इथं, मंडळी, त्या भाटानं एक घोटाळा करून ठेवला.

मावुगीच्या लेकीचं लग्न निघालं. शेजारी म्हणून धाडदेवाला बोलावणं भाग होतं. एव्हाना तोही महामंडलेश्वर झाला होता, त्याच्याही दारात पाच वाद्यं आली होती. मांडवात दोन्हीकडचे भाट समोरासमोर उभे राहिले. आधी धाडदेवाच्या भाटानं बिरुदं म्हटली. आल्हण भाट बोटांवर मोजत होता, आणि मोजता मोजता त्याचं तोंड उतरलं. त्यांचं एक ब्रीद जास्त निघालं! एक! आता पाहुण्यांत आपल्या धन्याची मान खाली जाणार. आल्हण भाट सुरू झाला, घाटशिरोमणी, शत्रुगजकेसरी, सगळी ओळ संपली, लोकांना वाटलं झालं — आणि यानं श्वास घेतला आणि वरच्या पट्टीत ठोकून दिलं, 'शरणागतवज्रपंजर!'

काय अर्थ त्याचा? शरण आलेल्यासाठी वज्राचा पिंजरा. कोंडायला नव्हे, बाहेरच्या कुणाचा हात आत पोचू नये म्हणून. मोठं सुंदर ब्रीद आहे. पण ते मावुगीला कुणी दिलं होतं? कुणीच नाही! ते होतं खुद्द चक्रवर्तीच्या बिरुदावलीत, अगदी पहिलं. भाटानं मोहिमेवर असताना ऐकलेलं, ते ऐन वेळी आठवलं, दिलं ठेवून. मावुगीनं चटकन त्याच्याकडे पाहिलं. भाट मांडवाच्या छताकडे बघायला लागला, जणू छत आत्ताच कुणी बांधलंय! मावुगीनं त्याला तिथंच अडवायला हवं होतं. पण समोर धाडदेव बसला होता, त्याच्या पायात तो तोडर होता. मावुगी गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ब्रीद परत आलं. तिसऱ्या दिवशीही आलं. मग ते राहिलंच. आणि गंमत बघा, खालच्या माणसांना बाकीच्या बिरुदांशी काही देणंघेणं नव्हतं. शत्रूचा हत्ती त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण हे शेवटचं ब्रीद त्यांना कळलं. गुरं हरवली, सासुरवास झाला, भावकीनं मारलं, की बायाबापड्या म्हणायच्या, वर जा, वर तो वज्राचा पिंजरा आहे. लोक येऊ लागले, आणि मावुगी त्यांचं लहानमोठं गाऱ्हाणं ऐकू लागला. ते सोपं होतं. शेळीचा न्याय करायला कुणाचं काय जातं?

आता इकडे काय झालं ते ऐका.

चक्रवर्ती दौऱ्यावर निघाला आणि त्याचा तळ घाटाच्या पायथ्याला पडला. सगळ्या सामंतांना मुजऱ्याला बोलावलं. आता सामंतांची एक कडक रीत होती. आपल्या मुलखात खुशाल पाच वाद्यं वाजवा, वाटेत वाजवा. पण चक्रवर्तीच्या तळाची शीव आली की सगळी बंद. तिथून पुढे आवाज एकाचाच. शिवेच्या आत सामंताचं वाद्य वाजलं, तर त्याचा अर्थ, मी आता तुझा सामंत नाही. म्हणजे उघड बंड! त्याला शिक्षा एकच.

मावुगी आला, शिवेवर त्याची वाद्यं थांबली, तो मुजरा करून परत गेला. त्याच्या मागून धाडदेव निघाला. पदवी नवीन, हत्ती नवीन, अंगात आलेलं. शिवेचा दगड आला. शिंग थांबलं, शंख थांबला, भेरी थांबली, घंटा थांबली. आणि तम्मटवाला? तो आपल्याच नादात! धाडदेवानं त्याला थांबवायचं, तर हा हत्तीवर डोळे मिटून तो ताल ऐकत डुलतोय. ढम ढम करत स्वारी सरळ चक्रवर्तीच्या राहुटीसमोर! सगळा तळ उठून उभा राहिला. धाडदेवानं डोळे उघडले, आणि त्याला कळलं की आपण आपलं मरण वाजवत आणलंय.

बंड करायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं हो. नुसती फुशारकी! पण फुशारकीला आणि बंडाला बाहेरून आवाज सारखाच असतो. गोंधळात तो हत्तीवरून उडी टाकून पळाला. त्याच्या गडाची वाट स्वारांनी आधीच धरली होती. रानातून, काट्याकुट्यांतून, म्हातारा माणूस एकटा घाट चढत राहिला.

दिवेलागण झाली. कोळवंडवर पाच वाद्यं वाजली आणि थांबली. आल्हण भाटानं बिरुदं म्हटली. शेवटचं ब्रीद झालं आणि सदर शांत झाली. आणि त्या शांततेत दरवाजाकडून आवाज आला. छुम. छुम.

तो आवाज मावुगीला झोपेतही ओळखू आला असता. दारात धाडदेव उभा होता. पागोटं नाही, पाय रक्तानं भरलेले, आणि डाव्या पायात तो तोडर. मावुगीच्या बापासकट.

धाडदेवानं सदरेवरच्या कुणाकडे पाहिलं नाही. मावुगीला तो एवढंच म्हणाला, "तुझा भाट आता म्हणाला, ते खरं आहे का?"

मंडळी, थांबा इथं. तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं? नको, सांगू नका, देवळात खोटं बोलणं होईल.

मावुगीनं नुसतं सांगितलं, की यांच्या पायांना पाणी द्या, पान वाढा. आणि तो आत निघून गेला. सकाळी चक्रवर्तीचा दूत हजर. निरोप सरळ होता. राजद्रोही तुझ्या गडावर आहे. स्वाधीन कर, त्याचा सगळा मुलूख तुझा. न करशील, तर दिलेलं सगळं परत घेऊ, आणि गड चढून त्याला नेऊ.

म्हणजे बघा कसं जुळून आलं! ज्या माणसानं बापाला पायात घातलं, त्याला स्वतः मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, नुसतं दार उघडायचं. वरून मुलूख मिळणार. कारभारी म्हणाले, द्या. भाऊबंद म्हणाले, यात विचार कसला करायचा? गडावर एकही माणूस असा नव्हता, जो देऊ नका म्हणाला. आणि आल्हण भाट येऊन मावुगीच्या पायांवर पडला. रडत सांगू लागला, धनी, ते ब्रीद तुमचं नाहीच. लग्नात एक कमी पडत होतं म्हणून मीच घातलं. राजानं दिलेलं नाही, ते पाळायचं बंधन तुमच्यावर नाही. मी दवंडी पिटतो, की भाटाची जीभ घसरली, माझी जीभ कापा हवी तर. पण तुम्ही मोकळे आहात.

खरंच मोकळा होता हो तो! कुठल्याही न्यायसभेत सुटला असता.

मावुगी लाछलदेवीकडे गेला. त्याला वाटलं, निदान ही तरी म्हणेल, द्या त्याला. सासऱ्याची वाटी तिनं किती वेळा तशीच उचलली होती. ती म्हणाली, "रोज ते शेवटचं ब्रीद आलं, की तुमची मान थोडी वर व्हायची. मी बघत होते. ते खोटं होतं, तर मान कशाला वर करत होता?"

संपलं! याला म्हणतात बायको. (माउल्या हसल्या. पुरुष मंडळी गप्प झाली. बरोबर आहे.)

मावुगी उठला. त्यानं पाचही वाद्यं बाहेर काढायला लावली, माणसांच्या खांद्यावर दिली, आणि एकही न वाजवता गड उतरला. बरोबर आल्हण भाट. तळावर पोचला, चक्रवर्तीसमोर वाद्यं ओळीनं मांडली, आणि हात जोडून म्हणाला, की स्वामींनी दिलेलं सगळं आणलंय. तेवढा तो माणूस मला देता येणार नाही.

चक्रवर्तीला राग आला, आणि येणारच. हा त्याचा आवडता सामंत. त्यानं विचारलं, "ज्याच्यासाठी हे घालवतोस, तो तुझ्या बापाला पायात घालून हिंडतो. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, स्वामी. मी शेजारीच राहतो. मला ऐकू येतं."

मग पदव्या काढायचा सोहळा झाला. देताना जसा सोहळा, तसा काढतानाही! राजभाट एकेक ब्रीद पुकारायचा आणि म्हणायचा, आजपासून नाही. महामंडलेश्वर, आजपासून नाही. शत्रुगजकेसरी, आजपासून नाही. भेरीचं कातडं फाडलं, तम्मटाचं फाडलं, शिंग उचललं, शंख उचलला. मावुगी ताठ उभा होता. जयघंटेची जीभ काढली, तेव्हा तेवढं त्याला बघवलं नाही. आयुष्यभर कमावलेला आवाज होता तो. खांद्यातली जुनी जखम त्या वेळी फार दुखली म्हणतात.

ओळ संपली. चक्रवर्तीनं विचारलं, "आता काय उरलं?"

उत्तर कुणी द्यायचं? सगळे खाली बघतायत. आणि आल्हण भाट पुढे आला. "एक उरलं, स्वामी," म्हणाला, आणि ते ब्रीद त्यानं सांगितलं. या वेळी वरच्या पट्टीत नाही. हळूच.

अमात्यानं आपल्या लोकांना विचारलं, हे कधी दिलं? कुणालाच आठवेना. दिलंच नव्हतं, तर आठवणार काय! चक्रवर्तीनं मावुगीकडे पाहिलं, की हे तुला कुणी दिलं?

मावुगी म्हणाला, "कुणी नाही, स्वामी. माझ्या भाटानं आपल्याच बिरुदावलीतून उचललं. आपल्याकडे ते पहिलं आहे, माझ्याकडे शेवटचं. मी ऐकलं, मला आवडलं, मी नको म्हटलं नाही. आपण दिलेलं असतं, तर बाकीच्यांबरोबर आपल्या पायांशी ठेवून गेलो असतो. जे दिलंच नाही, ते परत कसं करू?"

अहाहा! काय बोलला, मंडळी! आता चक्रवर्ती काय करणार? सैन्य आहे, गड चढून जाईल, धाडदेवाला ओढून आणेल, कठीण काय त्यात? पण उद्या पहाटे त्याचा स्वतःचा भाट उठणार, आणि पहिलंच ब्रीद काय म्हणणार?

राजा तो राजाच. पदव्या परत दिल्या नाहीत, फाटलेलं कातडं शिवून दिलं नाही. म्हणाला, गड तुझ्याकडे राहू दे, पण सामंत म्हणून नाही. आजासारखा गावुंड हो आणि घाट राख. आणि तो धाडदेव, त्याचा मुलूख खालसा झाला. तुझ्या पिंजऱ्याच्या आत आहे तोवर त्याला कुणी हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी तळ हलला. निघण्यापूर्वी राजभाटानं बिरुदं म्हटली, तेव्हा पहिल्या ब्रीदाला चक्रवर्तीनं मान खाली घातली, असं पाहणारे सांगत.

मावुगी गड चढून आला तेव्हा दिवेलागण होत होती. सवयीनं माणसं सदरेसमोर जमली होती. पण वाजवायचं काय? वाद्यांच्या जागा मोकळ्या. लाछलदेवीनं दिवा लावला.

तेव्हा ओसरीवर बसलेला धाडदेव खाली वाकला. त्यानं डाव्या पायातला तोडर काढायला घेतला. वर्षानुवर्षं काढला नव्हता, निघता निघेना, घोटा सोलला तेव्हा निघाला. आधी त्यानं त्यातली पुतळी सोडवली, बाकदार नाकाची, आणि दोन्ही हातांनी मावुगीच्या हातावर ठेवली. ते करताना त्याला मावुगीकडे बघवलं नाही. मग त्यानं तो रिकामा तोडर उचलला, आणि उभा राहून हलवला. छुम, छुम, छुम.

आल्हण भाटाला कळलं. तो पुढे झाला, त्यानं श्वास घेतला. आता म्हणायला एकच ब्रीद होतं. पण असं म्हटलं त्यानं, की खालच्या वाडीत दिवे लावणाऱ्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या!

ज्या आवाजाला बुडवायला मावुगीनं आयुष्य घालवलं, पाच वाद्यं मिळवली, तोच आवाज आज त्याच्या ब्रीदासाठी वाजत होता. आणि त्या दिवशी मावुगीची मान वर झाली नाही. त्याचं लक्षच नव्हतं. तो बापाची पुतळी धोतराच्या सोग्यात बांधत होता.

म्हणा मंडळी माझ्यामागून —

दिले तेचि नेले । राजियाने सारे ।
पाळिले जे खरे । तेचि माझे ॥

प्रश्न आठवतो ना सुरुवातीचा? पदवी माणसाची कधी होते? दिली तेव्हा नाही. तिच्यापायी बाकीचं सगळं गेलं आणि तरी ती सोडली नाही, तेव्हा होते.

अहो, आपल्या देवाच्या पायातही ब्रीदाचा तोडर आहे! दीनानाथ म्हणतो आपण त्याला, पतितपावन म्हणतो. त्याला ही पदवी कुणी दिली? त्याच्या वर कोण चक्रवर्ती बसलाय द्यायला? आपण दिली! आपण सगळे आल्हण भाट. गरज पडली तशी जोडत गेलो. त्यानं ऐकलं आणि एकदाही म्हटलं नाही, की हे माझं नाही. म्हणून तो अडकला. म्हणून तुमच्या-माझ्यासारखे दारात उभे राहिले, तर त्याला हाकलता येत नाही. विटाळलेल्या मनानं आलो तरी हाकलता येत नाही.

आता तुमचं. तो वेशीवरचा फ्लेक्स. अडल्यानडल्यांचा आधारवड. मी काही तो उतरवा म्हणत नाही. छापणाऱ्यानं जागा मोकळी दिसली म्हणून घातलं असेल, तुम्ही बघून गप्प बसला असाल. पण कुणीतरी ते वाचलंय. तो येईल. आणि लक्षात ठेवा, शरण येणारा आपल्या आवडीचा कधी नसतो. ज्यानं बांध कोरला, ज्यानं भरल्या पंगतीत तुमच्या बापाला खाली बघायला लावलं, नेमका तोच येईल. म्हणेल, फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं का?

चला, आरतीचं ताट आणा, उठा सगळे. आणि जाता जाता एवढं करा. फ्लेक्स उतरवायचा असेल, तर आजच उतरवा. ठेवायचा असेल, तर घरी जाऊन दाराची कडी काढून ठेवा.